प्रश्न घेऊन प्रशिक्षणाला जा

नव्या सहकाऱ्यास,
सप्रेम नमस्कार.

शिक्षण सेवक म्हणून रुजू झालं की प्रशिक्षणांच्या लिंक यायला लागतात. वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी, अशी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अपेक्षा आहे. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स, डाएटची (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची) प्रशिक्षणं, आपल्या शाळा-केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद. तास भरायला अडचण येत नाही. पण बरेचदा व्हिडिओ एकीकडे चालू असतो, माहितीचे तक्ते भरणं दुसरीकडे, आणि प्रमाणपत्र उतरवलं की विषय संपतो. स्वतःच्या वर्गातला एक नेमका प्रश्न घेऊन गेल्याशिवाय तिथलं फारसं काही फळ्यापर्यंत पोचत नाही. हा प्रश्न मुलांच्या वह्यांत सापडतो.

हातच्याची वजाबाकी घे. ५२ − २७ ला दोन मुलांनी ३५ लिहिलं, तर नुसती फुली मारून पुढे जाऊ नकोस. एकाने सातातून दोन वजा केलेत, कारण ‘मोठ्यातून लहान’ एवढंच त्याच्या मनात बसलंय. दुसऱ्याने दशक सुटा करून बारातून सात नीट काढले, पण पाचाचे चार करायचे राहिले. उत्तर मात्र तेच! आता ५२ − २८ दे. पहिल्याचं ३६ येईल, दुसऱ्याचं ३४. एककांतला फरक पाचाचा असला की या दोन चुका एकमेकींत लपतात, म्हणून उदाहरणं निवडतानाच हे बघ. पहिल्याला काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दे, आठ काढायला सांग. गठ्ठा सोडल्याशिवाय जमत नाही हे त्याचं त्यालाच कळतं. दुसऱ्याला गठ्ठा सोडता येतोच. त्याला सोडल्या क्षणी पाचावर काट मारून वर चार लिहायची सवय लाव.

आठवड्यातून एकदा, एकाच विषयात एवढं पुरे. वह्या गुणांप्रमाणे लावू नकोस, चुकांच्या प्रकारांप्रमाणे लाव. टिपणवहीत तारीख, चूक आणि शिकवण्यात केलेला बदल लिही. आठवड्याने तसलीच पाच उदाहरणं पुन्हा दे. शिक्षण परिषदेला यातल्या दोन-तीन वह्या घेऊन जा. ‘मुलांना वजाबाकी येत नाही’ म्हटलं की चर्चा पालकांवर घसरते. वही समोर असली की जुनी मंडळी उपायावर बोलतात.

सत्रातून एकदा शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींना किंवा बाईंना २० मिनिटं मागे बसायची विनंती कर. ‘पाठ कसा झाला?’ असं विचारलंस तर ‘छान’ एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा प्रश्न विचारल्यावर किती सेकंद शांतता राहते आणि उत्तर कुठल्या बाकावरून येतं, तेवढंच टिपून घ्यायला सांग. अमेरिकेत मेरी बड रो यांनी केलेल्या अभ्यासात शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबताना आढळले. ते तीन सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागली. शाळा द्विशिक्षकी असेल आणि कुणाला सवड नसेल, तर मोबाइलवर आवाज मुद्रित करून सेकंद तूच मोज.

पहिल्या चाचणीत एखादं उत्तर कसं आलं ते उलगडलं नाही, तर मुलाचं नाव झाकून त्या पानाचा फोटो पाठव. आपण मिळून बघू.

तुझे ज्येष्ठ सहकारी