नळ सगळे बंद, तरी प्रेशर पंप दर दोन मिनिटांनी सुरू का होतो?

घराकडे जाणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. तरीही पंप सुरू होत राहिला तर पाणी उलटं मागे जातंय. बहुधा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये (पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) कचरा अडकलाय किंवा त्याचं रबर गेलंय. पंप थांबला, तर गळती घरातच आहे, आणि माझा पहिला संशय नेहमी फ्लश टँकवर. त्यात थोडा खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला की चोर सापडला.

नळ उघडल्यावर पंप सारखा चालू-बंद होत असेल, तर मात्र प्रेशर टँकमधली (पंपाला जोडलेली, हवेच्या दाबाखाली पाणी साठवणारी टाकी) हवा कमी झालीय. वीज बंद करून टँक रिकामा करा, मग हवा भरा: पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा साधारण २ पीएसआय कमी. हवेच्या व्हॉल्व्हमधून पाणीच आलं तर आतला रबरी फुगा फाटलाय, तो बदलावा लागेल.