सनबोर्डचं मखर आणि गंजलेलं मशीन

प्रश्न : ताई, आम्ही तिघा मित्रांनी मिळून छोटं वर्कशॉप थाटलंय. ६० वॅटचं लेसर मशीन आहे, त्यावर अॅक्रिलिक आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) कापतो. सध्या गणपतीच्या मखरांसाठी गिऱ्हाइकं ५ मिमीचा सनबोर्ड आणून देतात. तो कापताना तिखट वास येतो, डोळे चुरचुरतात. दोन आठवड्यांत मशीनच्या रुळांवर तांबूस गंज चढलाय. मोठा एक्झॉस्ट बसवला आणि मास्क लावला तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही चालणार. आज मशीन बंद करा, मग पुढचं वाचा.

सनबोर्ड म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. लेसरची उष्णता लागली की तो हायड्रोजन क्लोराईड वायू होऊन सुटतो आणि ओलावा मिळाला की त्याचं आम्ल बनतं. संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली उघडल्यावर नाकाला झोंबतं ना, तेच हे. तुमच्या डोळ्यांत ओलावा आहे, घशात आहे, पावसाळ्यातल्या सांगलीच्या हवेत तर विचारूच नका. गंज त्याचाच. धूळ अडवणारा साधा मास्क वायू अडवत नाही, आणि एक्झॉस्ट तो शेजाऱ्याच्या खिडकीत नेऊन सोडतो.

मी वीस वर्षं नेमप्लेटचा धंदा केला. माझ्याकडे असाच घोळ रेक्झिनने घातला. 'एकच तुकडा आहे हो, पाकिटाचं मॉडेल करायचंय,' म्हणून गिऱ्हाइकाने गळ घातली, मीही भिडेला बळी पडले. रेक्झिनवरचा थर बहुधा पीव्हीसीचाच असतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. लेन्स बदलावी लागली, त्यात त्या महिन्याचा नफा गेला.

२०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मखरवाले सनबोर्डकडे वळलेले मी पाहतेय. पण दुकानातल्या नावावर जाऊ नका. कागदाच्या दोन थरांमध्ये फोम असलेला बोर्डही काही ठिकाणी याच नावाने देतात. तोही लेसरखाली घालू नका. तो वितळतो आणि पटकन पेटतो.

अनोळखी शीट आली तर तांब्याच्या तारेची परीक्षा करा. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, तार पकडीत धरून गॅस टॉर्चच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा. ती प्लॅस्टिकला टेकवा, किंचित चिकटलं की पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे असं समजा आणि शीट परत करा. एक गंमत सांगते: पहिल्यांदा मी वायरिंगची तार अर्धवट सोलून घेतली, तर अॅक्रिलिकलाही हिरवी ज्योत! तारेवरचं वेष्टणच पीव्हीसीचं होतं. म्हणून तार आधी पूर्ण सोला आणि ज्योतीचा हिरवा रंग जाईपर्यंत नुसतीच तापवून घ्या.

मग मखरांचं काय? ५ मिमीचा सनबोर्ड कटर आणि स्टीलच्या पट्टीने तीन-चार हातांत सरळ कापला जातो. एका दमात दाबायला जाल तर पातं घसरून बोट जाईल. नक्षी असेल तर जिगसॉ (बारीक पात्याची विजेवरची करवत) किंवा राउटर (फिरत्या पात्याने कोरणारं यंत्र). तिथे प्रश्न भुशाचा आहे, त्याला मास्क उपयोगी पडतो. महिरपीसाठी वाक द्यायला हीट गन घेतलीत तर ती लांबून, हलती ठेवा. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतं; पिवळं पडेपर्यंत तापवलंत की पुन्हा तोच वायू. ज्यांना लेसरचीच नक्षी हवी, त्यांना एमडीएफ किंवा अॅक्रिलिक सुचवा. अॅक्रिलिक कापताना मात्र मशीनसमोरून हलायचं नाही, ते पेट घेतं.

मशीनसाठी: प्लग काढा, खोली हवेशीर करा. रूळ आणि पत्रा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने, आणि लगेच कोरडं करून रुळांना तेलाचा हात द्या. लेन्सला आणि आरशांना सोडा लावू नका. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्सचा कागद. पुसूनही लेन्स धुरकट राहिली तर नवी घ्या. आणि डोळ्यांची चुरचुर थांबली नाही किंवा खोकला, दम लागणं सुरू झालं, तर लेन्सच्या आधी डॉक्टर.