टिचकी मारली की मोटर बंद!

प्रश्न : विहिरीवर 2 एचपीची सिंगल फेज मोटर आहे. मोबाइलवरून चालू-बंद करायला ईएसपी-8266 (वाय-फायचा छोटा कंट्रोलर) आणि निळ्या डबीचा 5 व्होल्टचा रिले (विजेने चालणारा स्विच) बोर्ड लावला. तीन आठवडे झकास चाललं. परवा बंद करायला गेलो, बोर्डावरचा दिवा विझला, पण मोटर चालूच! रिलेवर टिचकी मारली तेव्हा थांबली. नवा बोर्ड आणला, चौथ्या दिवशी तेच. प्रोग्रॅम चुकतोय का? 30 अँपिअरचा रिले घेऊ का? शेजाऱ्यांच्या 5 एचपी थ्री फेज मोटरलाही हेच बसवायचं आहे.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : प्रोग्रॅमला हात लावू नका. दिवा विझला म्हणजे बंदचा हुकूम रिलेपर्यंत पोचला होता. टिचकीने मोटर थांबली, त्यातच निदान आलं : रिलेच्या आत वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट चिकटलेत. जुना रिले टाकून दिला नसेल तर हॅक्सॉ ब्लेडने त्याची डबी कापून बघा. मसुरीच्या डाळीएवढे दोन ठिपके दिसतील, तेच कॉन्टॅक्ट. काळवंडलेले, एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेंगूळ.

डबीवर 10 अँपिअर, 250 व्होल्ट छापलेलं असतं, पण ते इस्त्रीसारख्या लोडसाठी. तुमची मोटर नुसती चालतानाच 10-12 अँपिअर खाते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. कॉन्टॅक्ट मिटताना किंचित उसळतात, तेवढ्यात ठिणगी पडते, धातू वितळतो आणि वेल्डिंग होऊन बसतं. 30 अँपिअरवाला आणलात तर हेच दुखणं थोडं पुढे जाईल, एवढंच.

मोटरच्या पॅनलकडे जाणाऱ्या सप्लायमध्ये कॉन्टॅक्टर (मोटरसारख्या लोडसाठीचा दणकट रिले) घाला. घेताना मोठा आकडा बघू नका; 'एसी-3' समोर 18 अँपिअर लिहिलंय का ते बघा, तो आकडा मोटरचा. त्याची कॉइल (कॉन्टॅक्ट ओढणारं तारेचं वेटोळं) 230 व्होल्टची मागा. निळ्या रिलेने फक्त ही कॉइल चालू-बंद करायची, तेवढं तो आरामात करतो. पॅनलमधलं ओव्हरलोड (जादा करंट गेला की मोटर बंद करणारं) मात्र काढू नका. काही जण बायपास करतात आणि मग वाइंडिंगचं बिल घेऊन माझ्याकडे येतात.

कॉइल बंद होताना उठणारा विजेचा झटका शोषायला तिच्या दोन टोकांवर 100 ओहम रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरड कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा. कपॅसिटरवर 'एक्स-2' (थेट मेन सप्लायवर लावायचा प्रकार) लिहिलेलं हवं, साधा चालणार नाही. माझ्या घरच्या टाकीच्या मोटरला हे मी आळसाने लावलं नव्हतं. मोटर बंद झाली की बोर्ड रीसेट व्हायचा, आणि मी दोन दिवस प्रोग्रॅममधली चूक शोधत बसलो होतो! बायको म्हणाली, "बटणच बरं होतं की."

आता शेजाऱ्यांचं. त्यांच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर आधीच आहे. हिरव्या बटणाला समांतर एक रिले दोन सेकंद ओढायचा, लाल बटणाच्या सिरीजमध्ये दुसऱ्या रिलेचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, रिले ओढला की सुटणारा) घालायचा, की काम झालं. पण थांबा. शेतीपंपाच्या स्टार्टरची कॉइल बऱ्याचदा दोन फेजवर, म्हणजे 415 व्होल्टवर चालते आणि निळी डबी 250 ची. मेन स्विच पाडा, टेस्टरने खात्री करा, पेटी उघडून कॉइलवरचा आकडा वाचा. 415 असेल तर कॉइल 230 ची बसवून घ्या, न्यूट्रल ओढलेला असेल तरच. न्यूट्रल नसेल तर तसं कळवा, पुढच्या अंकात ती जोडणी काढून देतो.