जुन्या करिझ्मावर 21,900 घालायचे का? आधी आरसी, मग कार्बोरेटर

भाऊ, तुम्ही सगळे आकडे मोकळेपणाने लिहिलेत म्हणून उत्तर पण आकड्यांतच देतो. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, हे राहतात नाशिकच्या आडगावला, काम सातपूर एमआयडीसीत, हातात पगार 29,000, घरखर्च आणि आईची औषधं जाऊन महिन्याला 5,000 उरतात, त्यातले 2,000 एसआयपीत. एफडी 45,000 ची, सेव्हिंगला 14,000. दोन महिन्यांपूर्वी 2010 ची हिरो होंडा करिझ्मा 38,000 ला घेतली. गाडी सकाळी थंडीत लवकर चालू होत नाही, कमी रेसवर मिसिंग करते, रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट, अॅव्हरेज 28. मेकॅनिकने 21,900 सांगितलेत, ते क्रेडिट कार्डावर 12 हप्त्यांत करायचे की आई म्हणते तसं ही विकून नवीन 125 घ्यायची, हा प्रश्न.

माझं मत असं की गाडी ठेवा, पण कोटेशनमधले 12,500 सरळ काढून टाका, आणि मेकॅनिककडे जायच्या आधी आरसीचं बघा.

आरसीवर मी अडकलोय कारण तुम्ही ते शेवटी जाता जाता लिहिलंय, "आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, मुदत ऑगस्टमध्ये संपली वाटतं". वाटतं नाही, संपलीच आहे, 2010 च्या ऑगस्टची गाडी म्हणजे 15 वर्षं झाली. मुदत संपलेल्या आरसीवर गाडी चालवली तर कायद्यात पहिल्या वेळी 5,000 पर्यंत दंड आहे, आणि तुम्ही रोज आडगाव ते सातपूर म्हणजे अख्खं शहर ओलांडता. त्याहून मोठी भीती मला अपघाताची वाटते. उद्या द्वारका चौकात कुणाला धक्का लागला, आरसी दुसऱ्याच्या नावावर, मुदत गेलेली, विमा पण आधीच्या मालकाच्या नावाने, तर विमा कंपनीशी भांडत बसायची वेळ तुमच्यावर येणार आणि तो खर्च 21,900 मध्ये मावणारा नसतो. पेठ रोडच्या आरटीओत नाव बदलायचं आणि पुढच्या 5 वर्षांचं नूतनीकरण करायचं. नूतनीकरणाची फी 2022 पासून दुचाकीला 1,000 झालीय, वर पर्यावरण कर, उशिराचे पैसे जे महिन्यागणिक चढतात, नवीन नंबर प्लेट नसेल तर तिचे 450 अधिक जीएसटी, आणि गाडीवर जुने चलान असतील तर ते आधी भरावे लागतील, त्यातला आधीच्या मालकाच्या काळातला भाग त्याच्याकडून मागून घ्या, अजून ओळख ताजी आहे. सगळं धरून 7,000 बाजूला ठेवा. गाडी इन्स्पेक्शनला न्यावी लागते, तिथे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर चालत नाही, म्हणजे आज कोटेशनमधला 7,500 चा फ्री फ्लो (मोकळा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) लावून तेव्हा परत ओरिजिनल चढवायचा, कशाला?

आता कोटेशन. त्याचे दोन भाग आहेत आणि मेकॅनिकने ते एकत्र करून सांगितलेत म्हणून तुम्हाला ते एकच काम वाटतंय. पहिला भाग सायलेन्सर 7,500, उघडा फिल्टर 2,200, जेट (कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) आणि ट्यूनिंग 2,800, झाले 12,500. दुसरा भाग कार्ब म्हणजे कार्बोरेटर खोलून साफ करणं, टॅपेट (वाल्वचं अंतर), प्लग, ऑइल, एअर फिल्टर मिळून 3,800, मागचा टायर 2,900, चेन स्प्रॉकेट 2,700, झाले 9,400. पहिल्या भागातलं जेटिंग लागतं ते सायलेन्सर आणि फिल्टर बदलल्यामुळे. हवा मोकळी झाली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), मग पेट्रोल वाढवायला मोठं जेट, म्हणजे एक खर्च दुसऱ्या खर्चाला जन्म देतो आणि शेवटी अॅव्हरेज अजून खाली जातं. त्यात करिझ्माचा कार्ब सीव्ही आहे, त्यातला पिस्टन व्हॅक्यूमने वर उचलला जातो, एअर बॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून उघडा फिल्टर लावला की तो हिशोबच बिघडतो आणि मधल्या रेसला गाडी अडखळते, महिनोन्‌महिने जेट बदलत बसतात पोरं. मॉडिफाइड सायलेन्सरला मोटार वाहन कायद्यात 10,000 पर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने निलंबित व्हायची तरतूद आहे तो भाग वेगळाच. तुम्हाला गाडीची आवड आहे हे कळतं मला, आवडीवर खर्च करू नका असं मी कुणाला सांगत नाही, पण 5,000 उरणाऱ्या माणसाने कर्ज काढून आवाज विकत घेऊ नये.

तुमच्या गाडीची लक्षणं वाचली तर ती सगळी कमी रेसची आहेत. चालू व्हायला त्रास, स्लोला मिसिंग, रेस सोडली की फटफट. साधारण पाव रेसपर्यंत स्लो जेटचं काम असतं, पाव ते पाऊण निडल (कार्बमधली सुई), त्याच्या वर मेन जेट. म्हणजे मेन जेट बदलून तुमचा त्रास जाणारच नाही. पंधरा वर्षांच्या गाडीत असं होण्याची नेहमीची कारणं दोन, स्लो जेटमध्ये कचरा किंवा कार्ब आणि इंजिनमधल्या रबराला चीर जाऊन जादा हवा ओढली जाणं. दुसरं तपासायला काही खर्च नाही, गाडी स्लोला चालू ठेवून त्या रबरावर कार्ब क्लीनरचा फवारा मारायचा, रेस बदलली की चीर सापडली (इंजिन थंड असताना, आणि जवळ ठिणगी नको). स्लो जेट मात्र समोर उभं राहून साफ करून घ्या. इवलंसं पितळी जेट, त्याच्या आरपार सुईच्या टोकाएवढं भोक, उजेडाकडे धरलं तर गोल स्वच्छ प्रकाश दिसला पाहिजे, अर्धवट चंद्रकोर दिसली तर मळ आहे. मेकॅनिक त्यात तार घालायला लागला की थांबवा, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग खरंच नवीन जेट घ्यावं लागतं. स्प्रे आणि हवेने होतं ते काम. आणि कार्ब उघडायच्या आधी टॅपेट आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायला सांगा, कारण वाल्व घट्ट असेल तर कार्ब कितीही ट्यून करा, हाती काही लागणार नाही.

तुमचा मित्र म्हणतो ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जेट वाढवावंच लागतं, त्याचं अर्धं खरं आहे. नुसत्या पेट्रोलला एक किलोमागे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 च्या आसपास, म्हणून 20 टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या जवळ येतो आणि जुन्या कार्बवर गाडी थोडी पातळ चालते. फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्या स्वतःहून सांभाळून घेतात, कार्बला ते जमत नाही. पण त्याचा उपाय एक नंबर मोठं जेट, शे-दीडशे रुपयांची वस्तू, आणि ते पण साफसफाई झाल्यावर प्लग बघून. प्लगचं टोक बिस्किटासारखं तपकिरी आलं तर हात लावू नका, पांढरं आलं तर एक नंबर वाढवा, काळी काजळी आली तर उलट बाजूला जायचंय. पांढऱ्याकडे दुर्लक्ष करू नका मात्र, पातळ मिश्रणावर कसाऱ्याच्या घाटात फुल रेस दिली की इंजिन तापतं आणि पिस्टनपर्यंत नुकसान जाऊ शकतं. जुन्या गाडीतलं पेट्रोलचं रबर, पाइप, ओ रिंग पण इथेनॉलने फुगतं, तेवढं नवीन टाकून घ्या.

आता हिशोब. महिन्याला 1,000 किमी आणि पेट्रोल 105 धरलं तर 28 च्या अॅव्हरेजला 3,750 लागतात, सर्व्हिसनंतर 36 मिळेल असं धरलं तर 2,917. म्हणजे 833 वाचतात, 3,800 चं काम पाच महिन्यांत वसूल. 12,500 च्या भागातून एक रुपया परत येत नाही. कार्डावर 21,900 चे 12 हप्ते 15 टक्क्यांनी केले तर हप्ता 1,977, वर व्याजावर जीएसटी आणि प्रोसेसिंग फी, म्हणजे साधारण 24,000 च्या पुढे जातं, आणि एसआयपी भरून हातात राहणाऱ्या 3,000 मधले दोन हजार वर्षभर अडकतात.

आईंचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. नवीन 125 ऑन रोड 1,15,000, तुम्ही 25,000 भरले तर 90,000 चं कर्ज, 11 टक्क्यांनी तीन वर्षं, हप्ता 2,946. 55 चं अॅव्हरेज धरून पेट्रोल 1,909. मिळून 4,855. करिझ्माला पेट्रोल 2,917 आणि दुरुस्तीसाठी दरमहा 700 बाजूला, झाले 3,617. फरक महिन्याला 1,238 चा. तीन वर्षांनी हातात चांगली गाडी राहील हा नवीनचा फायदा खराच आहे, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 झालाय हा पण. पण आरसी अशी अडकलेली असताना करिझ्मा आत्ता विकता येणार नाही, म्हणजे डाउन पेमेंट एफडी मोडूनच येणार, मग उरतात 20,000, घरात आजारपण असताना ते एका महिन्याला पण पुरणार नाहीत. म्हणून आत्ता नको.

तेव्हा 14,000 मधून आधी 7,000 आरसीचे, मग टायर 2,900 कारण तुम्ही लिहिलंय की खाचा दिसेनाशा झाल्यात आणि तसल्या टायरवर रोज हायवे नको, मग 3,800 ची सर्व्हिस. झाले 13,700. चेन स्प्रॉकेट पुढच्या महिन्यात, एसआयपी न थांबवता त्या 3,000 मधून होतंय. कार्ड लागलंच नाही, एफडीला हात नाही. एप्रिलमध्ये विमा संपतोय, 150 ते 350 सीसीचा थर्ड पार्टी 1,366 अधिक जीएसटी, वर स्वतःचा अपघात विमा, त्याची सोय मार्चच्या पगारातून, आणि पॉलिसी तुमच्याच नावाने.

एक अट घालतो. वर्षभरात या गाडीवर आरसी आणि विमा सोडून 15,000 च्या वर नाही. 9,400 आत्ताच गेले, उरले 5,600. कॉम्प्रेशन कमी आलं किंवा निळा धूर दिसला आणि मेकॅनिक बोअर पिस्टन (सिलिंडर घासून नवीन पिस्टन) म्हणाला तर ते काम करू नका, कागद स्वच्छ असलेली करिझ्मा घेणारे आहेत, विका आणि तेव्हा आईंच्या 125 कडे वळा, विक्रीचे पैसेच डाउन पेमेंटला येतील. कॉम्प्रेशनचा आकडा आणि आरटीओच्या अर्जावर आलेली एकूण रक्कम मला कळवा, 7,000 च्या वर गेली तर टायर आणि सर्व्हिसची तारीख पुन्हा लावून देतो.