हरून आला आणि वर हसतोय!

"मॅडम, हरला त्याचं एवढं काय न्हाई, पण हरल्यावर हसतोच कसा?"

साताऱ्यात खेळाडू पोरांचं समुपदेशन करताना हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला इतक्या आईबापांनी विचारलाय की आता दारातनं आत येणाऱ्याचा चेहरा बघूनच अंदाज येतो. सातारा, कराड, फलटण, माण, कुठंही जा, घराघरात कुणीतरी पळतंय नाहीतर तालमीत जातंय, आणि आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाल्यापासून धनुष्यबाण घेतलेली पोरं तर विचारूच नका. चांगलंच आहे. पण पोरगं राज्याच्या पुढं गेलं, अंगावर इंडिया लिहिलेला टीशर्ट आला, की घरात एक नवीनच काळजी सुरू होते. ह्याला खुन्नस नाही, समोरच्याशी गोड बोलतो, देशासाठी खेळताना असं चालतं का.

त्यातलीच एक केस सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय, नाव आणि ओळख पटेल असं बाकीचं सगळं बदललंय. पोराला ओंकार म्हणू. वय सोळा, फ्रीस्टाइल कुस्ती, ५१ किलो, गाव कराडजवळ. आशियातल्या एका ज्युनियर स्पर्धेत ब्राँझच्या कुस्तीत हरून परत आलेला. बरोबर वडील, त्यांना घरात अण्णा म्हणतात, ऊस आणि दोन म्हशी, बोलायला एकदम मोकळे.

अण्णांनी बसल्याबसल्या मोबाईल पुढं केला. फोटोत ओंकार आणि एक उझबेक पोरगा गळ्यात गळे घालून दात काढतायत, आणि ओंकारच्या अंगात त्या पोराचा टीशर्ट. पाठीवर उझबेकिस्तान. तो टीशर्ट घालून हा गावात फिरतोय, रोज, धुवायलासुद्धा देत नाही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी तो फोटो टाकून खाली लिहिलं होतं, "ह्याच्याकडनंच हरला आणि ह्याच्याच गळ्यात पडला."

"आमच्याकडं खाशाबा जाधवांचा वारसा हाय मॅडम," अण्णा म्हणाले, "त्यांचं गोळेश्वर आमच्या गावापासनं हाकेच्या अंतरावर. आणि ह्याला बघा."

ओंकार खाली मान घालून फरशी मोजत होता.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच दिवशी मी त्याला खेळात हार-जीत असायचीच, तू प्रयत्न केलेस ना, वगैरे ऐकवलं. तो "हो मॅडम" म्हणाला. मी अजून एक वाक्य टाकलं, तो परत "हो मॅडम" म्हणाला. चाळीस मिनिटांत सात-आठ वेळा हो मॅडम! सोळा वर्षाचं पोरगं इतकं ऐकायला लागलं की समजायचं, दार आतनं लागलंय.

दुसऱ्या वेळी अण्णांना बाहेर चहाला पाठवलं आणि त्याला म्हटलं, मला कुस्तीतलं काही कळत नाही, झालं काय ते सांग, मॅट कशी असते तिथनं सुरू कर. मग जे सुरू झालं ते थांबेचना, माझा पॅड ओढून घेऊन गोल काढला, हा कडेचा पट्टा, इथनं पाय बाहेर गेला तर समोरच्याला एक पॉइंट, पट काढून, म्हणजे पाय धरून, पाडला तर दोन. त्यांच्या वयोगटात दोन-दोन मिनिटांचे दोन राउंड असतात. ह्यानं पहिल्या राउंडमध्येच दोनदा पट काढले, चार पॉइंट, समोरच्यानं एकदा पाडलेला, म्हणजे ४-२. शेवटच्या बारा सेकंदांत त्या पोरानं ह्याचा एकेरी पट काढला, ४-४. आणि गंमत अशी की बरोबरी झाली आणि दोघांचे डावही सारख्याच पॉइंटचे असले तर शेवटचा पॉइंट ज्याचा तो जिंकतो. कोचनं चॅलेंज टाकलं, म्हणजे व्हिडिओ परत बघा म्हणून सांगितलं, ते फुकट गेलं, त्याचा एक पॉइंट अजून समोरच्याला. ४-५. संपलं.

"मग त्या बारा सेकंदांच्या आधी काय झालं?" मी विचारलं.

बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "घड्याळ दिसलं मॅडम. आणि स्टँडवरचा फ्लेक्स आठवला."

हा फ्लेक्स मी नंतर बघून आले. गावच्या एसटी स्टँडवर, बारा फूट तरी असेल, ओंकारचा फोटो, "भावी ऑलिंपिक पदकविजेता, देशाची शान", आणि त्याखाली वीसेक शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, त्यातल्या किती जणांनी त्याची एक तरी कुस्ती बघितली असेल देव जाणे. पोरगं विमानात बसायच्या आधीच लावलेला. परत आल्यावर तो उतरवायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून ओंकार तालमीला जायला ओढ्याकडनं लांबचा रस्ता घ्यायला लागला होता. घरी कुणाला पत्ता नाही.

तर घड्याळ दिसलं, फ्लेक्स आठवला, आणि तो लढायचा थांबला. त्याच्याच शब्दांत, "मी पळायला लागलो." दोन पॉइंट राखायचे म्हणून मागं सरकत राहिला, हात पुढं टाकणं बंद. बरीच वर्षं खेळाडू पोरांबरोबर बसून मला एवढं तरी नक्की कळलंय की हातातला डाव सोडून डोकं निकालाकडं गेलं की शरीर आखडतं, आणि जे काम वस्तादांनी हजार वेळा करून घेतलेलं असतं, जे झोपेतसुद्धा जमतं, तेच ऐन वेळी जमत नाही. गाव, तालुका, देश हे सगळं त्या बारा सेकंदात त्याच्या पाठीवर बसलेलं, वजनगट मात्र ५१ किलोचाच.

आणि हसला का? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून सावकाश सांगते. हरल्यावर हा वॉर्म-अपच्या हॉलमध्ये कोपऱ्यात डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. फोन वाजत होता, घरचा, गावचा, एका स्थानिक चॅनेलवाल्याचा, उचलला नाही. तेवढ्यात तो उझबेक पोरगा आला, बाजूला बसला, मूठभर सुके जर्दाळू ह्याच्या हातावर ठेवले आणि मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं की पहिल्या राउंडमध्ये तू पट काढलास तो कसा काढलास, मला पाय सोडवताच आला नाही, दाखव. मग दोघं उठले आणि तिथंच हॉलमध्ये अर्धा तास एकमेकांना डाव दाखवत बसले. "दोन महिन्यात मॅडम," ओंकार म्हणाला, "माझ्याशी कुस्तीबद्दल बोललेला तो पहिलाच. बाकी सगळे मेडलबद्दल बोलत होते."

फोटो त्यानंतरचा. आणि त्या रात्री हॉटेलात हा बाथरूमचा नळ सोडून रडला होता. ते कुणी फोटोत काढलं नाही.

अण्णांना हे सगळं मी सांगितलं नाही, ओंकारनंच सांगायचं ठरलं. पण त्याआधी अण्णांशी मला वेगळं भांडायचं होतं, कारण खाशाबांचं नाव त्यांनीच काढलं होतं. मी विचारलं, १९४८ ला लंडनला खाशाबांचं काय झालं? त्यांना १९५२ चं हेलसिंकी पाठ, ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, १५१ बैलगाड्यांची मिरवणूक, सगळं तोंडपाठ. लंडन माहीत नव्हतं. लंडनला खाशाबा सहावे आले होते. मातीतला पैलवान, मॅटची सवय नाही, तरी सहावा, आणि तिथनं शिकून चार वर्षांनी पदक. मग विचारलं, आपल्याच माणच्या मोहीची ललिता बाबर रिओला कितवी आली? हे पण माहीत नाही. दहावी. तीन हजार मीटर स्टीपलचेसची फायनल, पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक फायनलला गेलेली पहिली भारतीय बाई, आणि आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला तिचा नंबर सांगता येत नाही, कारण पदक नाही म्हटल्यावर आपण मोजणंच थांबवतो. अण्णा जरा चिडले. "म्हंजे हरलं तरी चालतंय असं म्हणायचं का तुम्हाला?"

नाही हो. हरल्याचं वाईट वाटलंच पाहिजे, ओंकारला तर अजून वाटतं. पण समोरच्याला शत्रू मानलं की जास्त जोर येतो, हे मला तरी कुठं दिसत नाही. नीरज चोप्रा घ्या. पॅरिसला २०२४ मध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर भाला टाकून ऑलिंपिक रेकॉर्ड केलं, नीरज त्याच फायनलमध्ये ८९.४५ टाकून दुसरा, आणि त्याची आई म्हणाली की तोसुद्धा आमचाच मुलगा. ह्यामुळं नीरजचा भाला एक इंच तरी अलीकडं पडला का? उलट अर्शदशी नीट वागण्यावरनंच त्याला आपल्याच लोकांकडनं काय काय ऐकून घ्यावं लागलं. टोकियोच्या फायनलमध्ये अर्शदनं त्याचा भाला हातात घेतला एवढ्यावरनं नंतर गदारोळ, तेव्हा नीरजनं व्हिडिओ काढून सांगितलं की माझ्या नावानं हे असलं करू नका. २०२५ मध्ये परत तेच, त्याच्या देशप्रेमावर शंका, घरच्यांना शिव्या. गोल्ड आणलेल्या पोराला हे सुटत नाही तर तुमच्या-माझ्या पोराला कुठनं सुटणार.

(अण्णांनी तेव्हा सावकाश कबूल केलं की २०२५ च्या त्या मेसेजमधले दोन त्यांनीपण फॉरवर्ड केले होते. मी काही बोलले नाही. फॉरवर्ड करताना कोण विचार करतो.)

उलट्या बाजूची पण केस येते हो माझ्याकडं, एक धनुर्विद्येतली मुलगी आली होती, हरल्यावर हात मिळवायलाच तयार नाही आणि आई घाबरलेली. तिलापण मी लगेच गळाभेट घे म्हटलं नाही. खिलाडूवृत्ती म्हणजे जबरदस्तीचं हसू नव्हे, दहा मिनिटं एकटीला बसू दे, मग जाऊन हात मिळव, एवढंच. कुस्तीत तर हे नियमातच बसवलंय, मॅटवरनं उतरायच्या आधी समोरच्याशी आणि त्याच्या कोचशीसुद्धा हात मिळवायचा. मनातनं काय वाटतंय ते तुमचं तुमच्यापाशी.

तिसऱ्या वेळी एक न बोलावलेला माणूस आला. ओंकारचे आजोबा, आबा, वय ऐंशीच्या आसपास, कान पैलवानाचे मोडलेले, डोक्याला पटका. पाऊण तास गप्प बसले. अण्णा परत टीशर्टवर आले, देशाचा टीशर्ट देऊन दुसऱ्याचा आणला म्हणाले, तेव्हा आबांनी काठी फरशीवर ठेवली.

"तू कवा लंगोट घातलास रं?" लेकाला विचारलं.

अण्णा गप्प.

मग आबांनी सांगितलं की त्यांच्या तरुणपणी एका जत्रेच्या मैदानात पंजाबच्या पैलवानानं त्यांना चितपट केलं, चार-पाच हजार माणूस बघत होतं, हलगी वाजत होती, आणि त्याच पैलवानानं हात देऊन उठवलं. रात्री तो जेवायला ह्यांच्याच घरी. आबांच्या आईनं त्याला भाकरीबरोबर वाटीभर तूप वाढलं. "माझ्या आईनं," आबा म्हणाले, "मला पाडलेल्याला तूप वाढलं, आन मला इचारलं, त्यो कुठल्या डावावर मारला तुला, शिकून घे." पुढच्या साली पुन्हा जोड लागली, कुस्ती बरोबरीत सोडवली. गावानं दोघांवर पैसे उधळले. "तवा कुणी म्हणलं न्हाई पाव्हण्याच्या गळ्यात का पडला म्हणून."

मी त्यानंतर फार काही केलं नाही, खरं सांगायचं तर माझी फी आबांनाच द्यायला पाहिजे होती. ओंकारनं त्या दिवशी फ्लेक्सचं आणि नळाचं दोन्ही अण्णांना सांगितलं. अण्णा उठून खिडकीपाशी गेले, पोवई नाक्यावरची ट्रॅफिक बघत उभे राहिले, बराच वेळ.

एक-दोन साधी कामं ठरवली. फोनवर पहिला प्रश्न "जिंकला का" नाही, "कुस्ती कशी झाली" असा. कुस्तीनंतर पहिला तासभर घरातनं फोनच नाही. ओंकारनं सरावात वस्तादांना मुद्दाम सांगायचं की शेवटची पंधरा सेकंदं, दोन पॉइंटनं पुढं, तरी पट काढायला जायचं, रोज पाच वेळा. आणि घरच्यांना जे मी सगळ्यांनाच सांगते, हसतोय ह्याची काळजी करू नका, जेवण तुटलं, झोप उडाली, तालमीला दांडी पडायला लागली, नाहीतर वजन उतरवायच्या नावाखाली पाणीच बंद केलं, तर मात्र थांबू नका, लगेच घेऊन या.

अण्णा अजून चुकतात. परवा राज्य स्पर्धेला फोनवर आधी "जिंकला का" विचारलंच, मग जीभ चावून "नव्हं, कशी झाली" म्हणाले. ओंकारनंच हसत हसत मला सांगितलं. हरला होता की जिंकला होता, ते मी मुद्दामच विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही, सांगितलं ते एवढंच की उझबेक पोराला व्हिडिओ पाठवलाय आणि त्यानं परत पाय सोडवायचा डाव पाठवलाय.

फ्लेक्स अण्णांनी एका रात्री स्वतः जाऊन उतरवला. आता तो त्यांच्या कडब्याच्या गंजीवर आहे, पावसाळ्यासाठी, छापलेली बाजू आत करून.