नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडच्या पाड्यावर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्त घेतलं आणि कागदावर अंगठा घेतला. ही संमती धरायची का?

नुसत्या अंगठ्याने संमती होत नाही. उपचारासाठी तपासणी असेल तर जरूर करून घ्या. भिल्ल-पावरा वस्तीत हा आजार आहे, लवकर कळलेला बरा. पण तेच रक्त संशोधनासाठी ठेवायचं असेल तर तसं वेगळं सांगून परवानगी घ्यावी लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहिती माणसाला कळेल अशा भाषेत द्यायची, म्हणजे इथे भिली नाहीतर पावरीत. वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. आणि ‘अंगठा दिला नाही तर गोळ्या बंद होतील’ असं रक्त देणाऱ्या बाईला वाटत असेल, तर दिवसाची मजुरी बुडवून आलेली ती नाही म्हणेल कशी?

अमेरिकेत टस्कीगीला हेच झालं. १९३२ ते १९७२ गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिस या गुप्तरोगाचा अभ्यास चालला. ‘रक्त खराब आहे’ एवढंच त्यांना सांगितलं, त्यावरचं औषध पेनिसिलिन मिळू लागल्यावरही दिलं नाही.

तुम्ही आधी त्या कागदाची प्रत मागा. संशोधन असेल तर त्यावर एथिक्स कमिटीचा (संशोधन नीतीने होतं का ते पाहणाऱ्या समितीचा) संपर्क असायला हवा. नमुना कुठे आहे ते विचारा. नको वाटलं तर कधीही माघार घेता येते, आणि त्यामुळे उपचार थांबवता येत नाहीत.