नोबिताला आई-बाबा दोघंही आहेत

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. घरात आम्ही दोघंच. मी मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. तोवर तो शेजारच्या काकूंकडे असतो आणि तिथे टीव्हीवर ‘डोरेमॉन’ कार्टून चालू असतं. त्यात गोल चष्म्याच्या नोबिताला भविष्यातून आलेलं यंत्रमांजर, डोरेमॉन, मदत करतं. शाळेच्या व्हॅनमध्ये चौथीतला एक मुलगा त्याला खिडकीशी बसू देत नाही, डब्यातला खाऊ काढून घेतो. याचा चष्मा गोल आहे म्हणून ‘नोबिता, नोबिता’ करून चिडवतो आणि बाकीची पोरं हसतात. परवा मला म्हणाला, ‘आई, आपल्याकडे डोरेमॉन का नाही गं?’ काकू म्हणतात, कार्टून बंद कर. माझा भाऊ म्हणतो, घरात बाप नाही म्हणून पोरगं मऊ झालंय, त्याला उलटा हात उचलायला शिकव. मी काय करू? निदान चष्म्याची फ्रेम बदलून देऊ का?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या भावापासून सुरुवात करते. त्यांना सांगा, नोबिताच्या घरात बाप आहे. चांगला नोकरीवाला आहे. आई तर दिवसभर घरातच असते. तरी नोबिता रोज मार खातो. आणि त्याला बडवणारा तो जियान? त्याची आई दुकान चालवते आणि चारचौघांत त्याचा कान धरून त्याला बदडते. सुधारला का तो? ही चित्रकथा जपानमध्ये 1969च्या शेवटी छापायला लागली, तेव्हापासून पोरगं मैदानात तेच करतंय. घरी मार खाणारं पोर बाहेर आपल्याहून लहान कोण ते बरोबर हेरतं, हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना मी वर्षानुवर्षं पाहिलंय. तेव्हा ‘बाप नाही म्हणून’ हे वाक्य तुमच्या घरातून आधी हद्दपार करा. मुलाच्या कानावर तर ते पडताच कामा नये.

आता काकू. त्यांचं सगळंच चूक नाही. डी.एड.ला आम्हाला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांचा प्रयोग होता. 1961मध्ये अमेरिकेत बालवाडीच्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला बदडलं. मग मुलांना तिच्याजवळ सोडलं, तर तीही तिला तशीच बदडू लागली. 1963मध्ये मांजरीचा वेष केलेलं, कार्टूनसारखं पात्र टीव्हीवर दाखवून पाहिलं, तरी तेच. पण तुमचा मुलगा जियानची नक्कल करत नाहीये. तो नोबिताची करतोय, आणि मला काळजी त्याची वाटते.

नातवाबरोबर मीही हे कार्टून बघते. नोबिताची पद्धत ठरलेली आहे. मार खायचा, रडत घरी यायचं, आई-बाबांना किंवा सरांना अवाक्षर सांगायचं नाही. डोरेमॉनकडून एखादं गॅजेट मागायचं, सूड घ्यायचा आणि शेवटी ते गॅजेट अंगाशी येतं. मोठ्या माणसाला सांगून प्रश्न सुटतो, असं त्या गोष्टींत फारसं घडतच नाही. घडलं तर डोरेमॉनची गरज काय! तुमच्या मुलाने नेमकं तेच उचललंय. फक्त एक गोष्ट त्याने नोबितापेक्षा शहाणपणाची केली : डोरेमॉन हवा, हे त्याने तुम्हाला सांगितलं.

म्हणून कार्टून बंद करू नका, रविवारी एक भाग त्याच्या शेजारी बसून बघा. उपदेश अजिबात नको. जाहिरात लागली की सहज विचारा, ‘आत्ता नोबिताने कुणाला सांगायला हवं होतं रे?’ आणि ‘सुनियो हसला नसता तर जियानने काय केलं असतं?’ सुनियो म्हणजे जियानला साथ देत हसणारा त्याचा मित्र, म्हणून हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. नॉर्वेचे डॅन ओल्वेयस यांनी मुलांमधल्या दादागिरीचा आयुष्यभर अभ्यास केला. ते सांगत की दादागिरी दोघांत नसते. तिच्याभोवती साथ देणारे, हसणारे, नुसते बघणारे असे सगळे असतात. तर तुमच्या व्हॅनमधले सुनियो कोण आणि नोबिताच्या मैत्रिणीसारखी न हसणारी शिझुका कोण, हे त्याच्याकडूनच काढून घ्या. जी कुणी शिझुका निघेल, तिच्या शेजारी त्याने बसायचं.

मग घरात दोन खुर्च्या मांडून व्हॅन-व्हॅन खेळा. आधी त्याला दादा होऊ द्या, तुम्ही दुसरीतलं पोर व्हा. त्याने डब्याला हात घातला की त्याच्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणा, ‘डबा माझा आहे. हात काढ.’ रडणं नाही, शिवी नाही. मग अदलाबदल. पहिल्यांदा तो हसेल, लाजेल, पुटपुटेल. चालू द्या. आवाज गाडी चालवणाऱ्या काकांपर्यंत पोचायला हवा, इतकंच बघा.

हात उचलायचं म्हणाल तर दुसरीतलं पोर चौथीतल्याला मारून मारून किती मारणार? भाऊ कदाचित तो 1974चा भाग काढून दाखवतील. डोरेमॉन भविष्यात परत निघालेला असतो आणि त्याला काळजी नको म्हणून नोबिता एकटाच जियानशी भिडतो. पडतो, उठतो, पुन्हा पडतो, शेवटी जियानच कंटाळतो. तो बघताना माझेही डोळे भरून येतात. पण ती चित्रकथा आहे. व्हॅनमध्ये शेवटचं चित्र आपल्या सोयीने काढणारं कुणी नसतं.

तुमच्या वाट्याची कामंही आहेत. व्हॅनवाल्या काकांना भेटा आणि खिडकीची जागा वारांप्रमाणे वाटून द्यायला सांगा. वर्गशिक्षिकेला तारखा घालून चिठ्ठी द्या. तोंडी बोललेलं शाळेत हवेत विरतं, हे मी आतली म्हणून सांगते. आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापक. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही असायला हवी, 2022चा तसा शासन निर्णय आहे. त्या चौथीतल्या मुलाला मात्र फाटकाशी गाठून दम देऊ नका, तोही लेकरूच आहे. आणि यातलं जे करणार असाल ते मुलाला आधी सांगून करा. त्याच्या पाठीमागे केलंत, तर पुढच्या वेळी तो तोंड मिटून घेईल.

रात्री आठला येता, याचा अपराधीपणा कशाला? जेवताना ‘शाळेत काय झालं?’ विचारलंत तर ‘काही नाही’ हेच मिळेल. ‘आज खिडकीशी कोण बसलं होतं?’ विचारा, मग ऐकत राहा.

राहिला चष्मा. फ्रेम बदला, पण आत्ता नको. व्हॅनचं मिटू द्या, नाहीतर ती फ्रेम त्या चौथीतल्या मुलाने निवडल्यासारखं होईल. मग त्याला दुकानात घेऊन जा आणि त्यालाच निवडू द्या. पुन्हा गोलच उचलली तर मुकाट्याने पैसे देऊन या.